कॉर्नी वीबचा हलका हात

कॉर्नेलियस वीबला पूर्ण नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्याची आई, आणि तीसुद्धा रागावली असेल तरच. बाकी सगळ्या विनिपेगचा, कॅनडातल्या त्या थंडगार शहराचा, तो कॉर्नी. रुग्णालयाच्या दारातला पहारेकरी त्याला कॉर्नी म्हणायचा, बडे डॉक्टर कॉर्नी म्हणायचे आणि कुबड्यांवर हेलकावे खात येणारी चिमुरडी पोरंही लांबूनच "कॉर्नीऽऽ" अशी आरोळी ठोकायची. माणूस अंगाने धिप्पाड. स्टाइनबाख गावाच्या पलीकडे, दूधदुभत्याचा व्यवसाय असलेल्या मेनोनाइट घरात वाढलेला, त्यामुळे पंजे फावड्याएवढे. पण त्या पंजांबद्दल सगळ्या रुग्णालयात एकच बोललं जायचं, की कॉर्नीचा हात हलका आहे.

मेनोनाइट हा ख्रिस्ती पंथ, ते लोक हत्यार धरत नाहीत, भांडण अंगाशी आलं तर देश सोडतात पण हात उचलत नाहीत. कॉर्नी त्यातही वरचढ. त्याने कधी गाईलासुद्धा काठी लावली नाही, असं त्याचा थोरला भाऊ कुचेष्टेने सांगे. इतरांच्या गाई दूध देऊन मोकळ्या व्हायच्या तरी कॉर्नीच्या वाटणीच्या गाई अजून कुरणात चरतच असायच्या, आणि हा कुंपणाशी उभा राहून त्यांची मनधरणी करत असायचा. शेवटी बापाने कपाळाला हात लावला आणि पोराला शहरात शिकायला धाडलं. पोरगा फिजिओथेरपिस्ट झाला. गाईंचं आणि घरच्यांचंही भलं झालं.

त्याची सगळी नोकरी चाल तपासायच्या लॅबमध्ये गेली. जन्मताना किंवा जन्माआधी मेंदूला दुखापत झालेली मुलं तिथे येत. हाडं धड, स्नायू जागेवर, पण मेंदूकडून त्यांना जाणारा निरोप बिघडलेला. कोणी चवड्यांवर चालतं, कोणाचे गुडघे एकमेकांवर घासतात. अशा मुलाच्या पायांवर चकाकणारे छोटे गोळे चिकटवायचे, स्नायू कधी आवळतो ते टिपणाऱ्या तारांच्या चकत्या स्नायूंवर लावायच्या आणि त्याला लांब पट्ट्यावरून चालायला लावायचं. छताजवळचे कॅमेरे ते गोळे टिपतात आणि संगणकाच्या पडद्यावर त्या मुलाचा सांगाडा चालू लागतो. पावलागणिक कुठला स्नायू किती ताणला गेला, किती वेगाने ताणला गेला, ते तो सांगाडा सांगतो. मुलांना तो फार आवडे. आपल्याच हाडांना वाकुल्या दाखवायची संधी रोज थोडीच मिळते!

पण सांगाड्याला सगळंच कळत नाही. चवड्यांवर चालणाऱ्या पोराची पोटरी दोन कारणांनी ताठ असते. एक तर स्नायूच आखूड झालेला असतो, मग तो कितीही सावकाश ओढा, पुढे येत नाही. नाहीतर स्नायू पुरेसा लांब असतो, पण एकदम ताणला की दचकून मध्येच आवळतो. लॅबमधले लोक याला पकड म्हणत. वरून पाहणाऱ्याला दोन्ही पोरं सारखीच दिसतात, उपाय मात्र एकदम वेगळे. आखूड स्नायूसाठी सुरी, पकडीसाठी स्नायू सैल करणाऱ्या औषधाची सुई आणि प्लास्टर. बरेचदा दोन्ही थोडंथोडं असतं, तेव्हा कुठलं किती हे कळायलाच हवं. ते कळायला माणसाचा हात लागतो. पाय आधी सावकाश ताणायचा, मग झटक्यात. झटका असा हवा, की स्नायू बेसावध सापडला पाहिजे. पोरांना हे मुळीच आवडत नाही. दुखतं, आणि दुखण्यापेक्षा दचकायला जास्त होतं, त्यामुळे पोरं भोकाड पसरतात.

कॉर्नीकडे पोरं रडत नसत. तारांच्या चकत्यांना लावायची जेलची बाटली तो सकाळपासून पँटच्या खिशात घेऊन हिंडे, म्हणजे ती पोरांच्या कातडीला गार लागू नये. बाहेर नाकातला श्वास गोठायची थंडी असली तरी त्याचे हात गरम, कारण लॅबमध्ये शिरण्याआधी तो ते गरम पाण्याच्या नळाखाली धरून उभा राही. मग टेबलाशी स्टूल ओढून बसला की बर्टा नावाच्या एका मूर्ख कोंबडीची गोष्ट सुरू होई. बर्टा दर वेळी नवीन घोटाळा करायची. पोरं हसत असतानाच कॉर्नी त्यांचे पाय उचलून ताणून खाली ठेवत असे आणि त्यांना ते कळतसुद्धा नसे. आया त्याच्याकडे कौतुकाने बघायच्या. हाताला गुण आहे हो तुमच्या, असं कित्येकींनी त्याला सांगितलं होतं आणि त्यालाही ते मनातून पटलेलं होतं.

लारिसा पहिल्यांदा आली तेव्हा दहा वर्षांची होती. डॉफिनजवळच्या युक्रेनी शेतकऱ्यांची मुलगी, आई हलिना तिला घेऊन पहाटेच घरून निघालेली. पोरगी चवड्यांवर तुरुतुरु चालत आत आली आणि टेबलावर चढायच्या आधीच तिने चौकशी केली.

"पाय ओढणारा कोण आहे इथे?"

"मी," कॉर्नी म्हणाला.

"आमच्याकडच्या दवाखान्यातल्या बाईने ओढला होता, तेव्हा मी तिला चावले."

"कुठे?"

"दंडाला."

"बरं झालं सांगितलंस. मी आज लांब बाह्यांचा शर्ट घालून आलोय." कॉर्नीने बाही मनगटापर्यंत ओढून दाखवली. "आता चावायचंच असेल तर जरा सावकाश चाव. हा शर्ट बायकोने दिलेला आहे."

पोरगी खुदकन हसली, आणि तिथपासून ती त्याची झाली. हलिना बाजूला उभी होती. "हिच्या मावसबहिणी नाचतात ना आमच्या युक्रेनी नाचात," ती सांगू लागली. "लाल बूट असतात त्यांचे, गुडघ्यापर्यंत. हिला नाचायचं नाहीये हो. नुसते बूट घालून उभं राहायचंय. पण टाचच खाली जात नाही, तर बूट चढणार कसा?"

"मी उभी राहणार आणि फोटो काढणार," लारिसा म्हणाली. "मग भले बसेन."

कॉर्नीने तिचं पाऊल हातात घेतलं. सावकाश ताणलं तर ते थोडं अलीकडेच थांबलं. थोडंच. मग झटका द्यायची वेळ आली. बर्टा कोंबडी त्या वेळी पाद्रीबाबांच्या टोपीत अंडं घालत होती आणि लारिसा पोट धरून हसत होती. कॉर्नीने तिचं पाऊल वर दाबलं, पाळण्याला झोका देतात त्यापेक्षा फार जोरात नाही. कुठे काही अडलं नाही.

"पकड नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या बैठकीत सर्जननी त्याच्याकडे मान वळवली. "कॉर्नी, नक्की नाही ना पकड?" कॉर्नीने सांगितलं, नाही जाणवली. "मग प्रश्नच मिटला. कॉर्नी नाही म्हणतोय म्हणजे नाही." चवड्यांवर चालण्याचा सगळा दोष आखूडपणाच्या माथी मारला गेला. दोन्ही टाचांमागच्या कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारे दोर, कापून लांबवायच्या ठरल्या, आणि चांगल्या सढळ हाताने लांबवल्या गेल्या. प्लास्टर निघाल्यावर लारिसाच्या टाचा जमिनीला टेकल्या. उन्हाळ्यात हलिनाने फोटो पाठवला. लाल बूट, भरतकामाचा सदरा, डोक्यावर फुलं आणि कानापर्यंत हसणं. कॉर्नीने तो फोटो लॅबच्या दाराला लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून बोलावून दाखवला. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नाच्या फोटोचाही झाला नव्हता, असं त्याची बायको आगाथा म्हणायची.

मग पोरगी उंच होऊ लागली आणि तिचे गुडघे वाकू लागले. पोटरीच पायाला मागून धरून ठेवते, म्हणून गुडघा सरळ राहतो. ती एकदा नको इतकी लांब झाली की तो आधार जातो. दर तपासणीला लारिसा आदल्या खेपेपेक्षा थोडी जास्त वाकलेली यायची. आधी एक काठी आली, मग दोन, मग लांब जायचं असेल तर चाकाची खुर्ची. कॉर्नीला वाईट वाटायचं, पण ते वाईट वाटणं दुसऱ्याच्या संकटाबद्दलचं होतं. मुलं वाढतात, हाडं पुढे पळतात, स्नायू मागे राहतात, असं तो हलिनाला समजावून सांगायचा, आणि हलिना मान डोलवायची.

पुढे लॅबमध्ये शँटेल नावाची तरुण इंजिनिअर आली. शहरातल्याच सेंट बोनिफेस भागातली फ्रेंच मुलगी, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. तिने सांगाड्याला नवीन गोष्ट शिकवली. नुसतं चालणंच नाही, तर तपासणारा पाय ताणतो तेव्हा तो किती वेगाने ताणतो, हेही सांगाड्याने मोजायचं. कारण, तिचं म्हणणं, झटका पुरेसा जलद नसेल तर स्नायू दचकणारच नाही आणि आपल्याला वाटेल की पकडच नाही. सगळ्यांना पटलं. इतक्या वर्षांत हे कोणी मोजलं कसं नाही, याचं सगळ्यांना आश्चर्यही वाटलं. झटका म्हणजे झटका, त्यात काय मोजायचं, अशीच सगळ्यांची समजूत होती.

मोजणी कशी होते ते दाखवायला तिने डगला टेबलावर झोपवलं. डग हा त्यांच्यातलाच एक, पायाला गोळे लावून घ्यायला त्याची कधी ना नसे. एकेकाने येऊन त्याचा पाय झटक्यात ताणायचा आणि पडद्यावर आपला वेग बघायचा. जत्रेत घंटा वाजवायला हातोडा मारतात तशी मजा चालली होती. कॉर्नीसारखीच मुलांचे पाय तपासणाऱ्या इंग्रिडचा वेग सगळ्यात जास्त आला, तेव्हा डगने "माझा पाय मला परत द्या" म्हणून बोंब ठोकली. मग कॉर्नीची पाळी आली.

त्याने नेहमीसारखा पाय ताणला. पडद्यावरची रेघ जरा वर गेली आणि खाली बसली.

"हा सावकाशवाला झाला," शँटेल म्हणाली. "आता झटकेवाला कर."

"हा झटकेवालाच होता."

खोलीत हशा पिकला. "कॉर्नी, गाडी हाकतोयस की प्रेतयात्रा चालवतोयस?" डग झोपल्या झोपल्या म्हणाला. कॉर्नीही हसला. त्याने पुन्हा ताणला, पुन्हा रेघ तेवढीच. तिसऱ्यांदा त्याने मनाशी ठरवून जोर लावला, तरी मध्यावर आल्यावर त्याचा हात आपोआप मऊ पडला, आणि या वेळी ते त्याला स्वतःलाच जाणवलं.

शँटेल हसत नव्हती. "कॉर्नी," तिने हळूच विचारलं, "तू कायम असाच करतोस?"

घरी जाताना तो बसमध्ये चढला आणि आपल्या थांब्यावर उतरलाच नाही. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने त्याला हलवलं. त्याच्या डोक्यात दुसरं तिसरं काही नव्हतं, फक्त ती कोंबडी, ती टोपी आणि हातातलं ते पाऊल. लारिसाला पकड असणार. आपण ती जागीच होऊ दिली नाही. पोरीला रडू येऊ नये म्हणून तिच्या पायाला खरं बोलूच दिलं नाही, आणि त्या खोट्यावर तिच्या टाचेमागे सुरी चालली. आपल्याला ज्या गोष्टीचा उभा जन्म अभिमान वाटला, तीच गोष्ट नडली, हे कळल्यावर माणसाने कुठे बघायचं? कॉर्नी बसच्या काचेवर जमलेल्या बर्फाकडे बघत राहिला.

त्याने लॅबचे प्रमुख रॉस यांना सगळं सांगून टाकलं. रॉस भला माणूस. "अरे, त्या काळी जिथे तिथे टाचा कापतच होते," ते म्हणाले. "तू चांगला झटका दिला असतास तरी कदाचित कापलंच असतं. कशाला जिवाला लावून घेतोस?" कॉर्नीला त्या 'कदाचित'चा फार राग आला. दोष घ्यायला निघालेल्या माणसाला कोणी दोषच देईना, म्हणजे त्याची भलतीच पंचाईत होते. त्याला पाठीवर थाप मिळते आणि ओझं तिथेच राहतं.

रविवारी दुपारी फास्पाला, म्हणजे कॉफी, चीज, जर्दाळूचा जॅम आणि एकावर एक बसवलेले दुमजली बन घेऊन बसतात त्या वेळी, त्याने आगाथापाशी विषय काढला.

"माझा झटका हा झटकाच नव्हता, आगाथा. सगळी वर्षं."

"जाणूनबुजून केलंस?"

"नाही."

"मग?"

"जाणूनबुजून केलं असतं तर माफी तरी मागता आली असती. आता काय सांगू त्या पोरीला? तुझ्यावर माया होती म्हणून तुझे पाय घालवले, असं सांगू?"

आगाथाने त्याच्या कपात कॉफी ओतली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला घरातला उंदीर मारायलाही कधी लावलं नव्हतं, ते काम ती स्वतःच करायची. "हे बघ," ती म्हणाली, "तुला माफी हवीय की शिक्षा? माझ्या स्वयंपाकघरात दोन्ही मिळायचं नाही. इथे बन आहेत. ते खा, आणि ती पोरगी भेटली की तिला खरं सांग."

खरं सांगायचं कॉर्नीने ठरवलं आणि सांगितलं नाही. उलट, पाय ताणायचं काम त्याने सोडूनच दिलं. तो कॅमेरे पुसायचा, मुलांच्या पायांवर गोळे चिकटवायचा, बर्टाची गोष्ट सांगायचा. झटक्याची वेळ आली की इंग्रिडला हाक मारायची आणि आपण पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जायचं. बाहेर उभं राहून त्याला पोरांचं रडणं ऐकू यायचं. हे शहाणपण आधी सुचलं असतं तर, असं त्याच्या मनात दर वेळी यायचं, आणि हेही यायचं की हे शहाणपण नाही, पळपुटेपणा आहे.

लारिसा पुन्हा आली ती विशीत पदार्पण करून. केस कापण्याचं शिक्षण घ्यायला ती ब्रँडन शहरात राहत होती. लॅबच्या दारात तिने खुर्ची थांबवली, दोन काठ्यांवर उभी राहिली आणि गुडघे वाकलेल्या अवस्थेतच कॉर्नीच्या डोक्याकडे बघून हसली.

"केस कोणी कापले तुझे? आगाथाने?"

"हो."

"दिसतंयच. तिला म्हणावं, भादरायला बकरी पाळ."

तिची आई या वेळी आली नव्हती. तिचं तीच बोलत होती. केस कापायचे तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागे उभं राहावं लागतं. पुरुषाचं डोकं तिला जमायचं. बायकांचं लांबलचक काम असलं की निम्म्यात गुडघे खाली जायचे. "परवा एका बाईचा एक कान उघडा आणि एक झाकलेला, अशी अर्ध्यातच बसले मी," ती म्हणाली. "ती म्हणते, नवीन फॅशन आहे का? मी म्हटलं, हो." सगळे हसले. मग तिने आवाज खाली आणला. "इथल्या नवीन सर्जनबाई म्हणतायत, मांडीमागचे स्नायू कापून लांबवूया, गुडघे सरळ होतील. पण आधी तुम्ही तपासून सांगा, असं म्हणाल्या. कॉर्नी, एकदा कापून झालंय माझं. हेही कापलं आणि चुकलं, तर मी उभी राहायची नाही. मग केसबीस विसरा."

"इंग्रिड करेल तपासणी," कॉर्नी म्हणाला. "तिचा हात फार चांगला आहे."

"इंग्रिडने मागे एकदा केली होती, तू रजेवर होतास तेव्हा. मी तिला चावायचीच बाकी होते. तू कर. तुझ्याशिवाय कोणाला मी हात लावू देणार नाही."

कॉर्नीने शँटेलकडे बघितलं. या वेळी तरी तिने आपली सुटका करावी असं त्याला वाटत होतं. शँटेलने गोळ्यांचा डबा त्याच्या हातात दिला. "मी वेग बघते," ती म्हणाली. "कमी पडला तर सांगेन."

लारिसा उताणी झोपली. तिची उजवी मांडी उभी धरायची आणि खालचा पाय वर उचलून गुडघा सरळ करायचा, एवढंच करायचं होतं. सावकाश केला तेव्हा गुडघा बराचसा सरळ झाला, शेवटी थोडा अडला. मग कॉर्नीने श्वास घेतला आणि झटका दिला.

"हळू आहे," शँटेल म्हणाली.

त्याने पुन्हा दिला.

"अजून हळूच आहे, कॉर्नी."

तळव्यात तिची टाच होती, टाचेच्या वर त्या जुन्या शस्त्रक्रियेचा वण होता आणि तो त्याच्या अंगठ्याखाली नेमका लागत होता. शँटेल उठली. "मी करते," ती म्हणाली.

"नाही. तोच," लारिसा म्हणाली. "काय झालं, कॉर्नी? म्हातारा झालास का?"

"दुखेल तुला."

"दुखू दे. तूच करतोयस ना?"

कॉर्नीने पाय पुन्हा खाली आणला, पकडला आणि सगळा जोर एकवटून वर उडवला. पाय निम्म्यावर जाऊन गच्चकन अडला, लाकडी खण अडकतो तसा. लारिसा किंचाळली. तिने टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी आवळून धरल्या आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पडद्यावर तारांची रेघ ताडकन उडून अजून थरथरत होती.

"पकड!" शँटेल ओरडली. "लारिसा, ही बघ, ही केवढी पकड आहे! आखूडपणा थोडासाच. कापायचं नाही. मी सर्जनबाईंना आत्ता सांगते, कापायचं नाही. सुई, प्लास्टर, आणि मग व्यायाम." ती अक्षरशः नाचायच्या बेतात होती. लारिसाही रडता रडता हसायला लागली. उभं राहायचं अजून शिल्लक होतं. सरळ नाही, पण एका बाईचे दोन्ही कान होईपर्यंत तरी.

कॉर्नी पाय धरून तसाच उभा होता. लारिसाचं हसणं हळूहळू थांबलं आणि ती त्याच्याकडे बघू लागली.

"तेव्हा तू असं नव्हतं केलंस," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची होते तेव्हा."

"नाही."

"का?"

"तू रडली असतीस."

तिने छताजवळच्या कॅमेऱ्यांकडे बघितलं. "म्हणजे तेव्हा पोटरीत पण पकडच होती?"

"असणार. मला आता वाटतं, होतीच. मी बघितलीच नाही नीट. पोटरी इतकी लांबवायला नको होती, लारिसा. मी नाही म्हणालो म्हणून त्यांनी लांबवली." इतके दिवस मनात घोळवलेलं पुढचं कुठलंच वाक्य त्याला आठवेना.

शँटेलने पडद्याकडे तोंड वळवलं.

"मग तेव्हा मला रडवायचं होतंस ना, कॉर्नी," लारिसा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

शँटेलने घसा खाकरला. "डावा पाय राहिलाय," ती म्हणाली. "तो मी करू का?"

कॉर्नीने उजवा पाय टेबलावर ठेवला आणि तो मागे सरकला.

"नको," लारिसा म्हणाली. "तोच करू दे. आता त्याला येतं."

कॉर्नी टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. त्याने डावी मांडी उभी धरली, टाच तळव्यात घेतली आणि पहिल्याच खेपेला झटका दिला. ती किंचाळली. वेग बरोबर आहे, असं शँटेलने सांगितलं. कॉर्नीने पाय सावकाश खाली ठेवला, आणि लारिसाने त्याच्याकडे न बघता स्वतःचे डोळे पुसले.